सोलर चालू असूनही गाडीचं चार्जिंग मध्येच तुटतं? पॅनल नंतर, आधी प्लग बघा

गच्चीवर ३ ते ५ किलोवॅटचं सोलर, खाली इलेक्ट्रिक गाडी, आणि भर दुपारी चार्जिंग बंद. गोराई-उत्तनच्या बंगल्यांपासून मुलुंड-ठाण्याच्या छोट्या सोसायट्यांपर्यंत ही तक्रार एकाच साच्यातली असते. संशय मात्र पहिल्यांदा पॅनलवर किंवा गाडीवर जातो. दोष बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या वायरिंगमध्ये सापडतो: सॉकेट, एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), न्यूट्रल (विजेची परतीची वायर), अर्थिंग. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या गोष्टींपासून सुरू होतात. हा क्रम मोडू नका. इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) बदलून झाला आणि मग जळका सॉकेट सापडला, असं फार वेळा होतं.

लक्षणं

आपलं लक्षण यातलं कुठलं ते आधी ठरवा. अर्धं निदान तिथेच होतं.

- चार्जिंग सुरू होतं, २०-४० मिनिटांनी तुटतं, थोड्या वेळाने पुन्हा चालतं. कुठेतरी काहीतरी तापतंय.
- फक्त साधारण ११ ते ३ च्या दरम्यान तुटतं आणि त्याच वेळी सोलर इन्व्हर्टरवर ग्रिड (वितरण कंपनीची लाईन) ओव्हरव्होल्टेजचा संदेश येतो. व्होल्टेज चढतंय.
- प्लग लावताक्षणी चार्जरवर लाल दिवा किंवा अर्थ फॉल्ट. अर्थिंगचा किंवा न्यूट्रलचा घोळ.
- आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळाली की पडणारा सुरक्षा स्विच) पडतो, पावसाळ्यात जास्त. गळती आहे.
- दर पाच-दहा मिनिटांनी चालू-बंद, ढगाळ दिवशी तर सारखंच. चार्जर सोलर मोडवर, म्हणजे फक्त शिल्लक सोलर विजेवर, आहे.
- लाईट गेली की ऊन असूनही चार्जिंग बंद. हा दोष नाही. बॅटरी नसलेला ग्रिड-टाय इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर स्वतःला बंद करतोच, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या माणसाला उलटा करंट लागेल.
- चार्जिंग व्यवस्थित, पण बिल कमी होत नाही. याचं उत्तर मीटरमध्ये आहे, खाली येतंच.

वेळ लिहून ठेवा

चार-पाच दिवस फक्त नोंद करा: चार्जिंग किती वाजता सुरू केलं, किती वाजता तुटलं, चार्जरचा दिवा कुठल्या रंगाचा होता, इन्व्हर्टरवर कुठला कोड होता, ऊन होतं की ढग. एक पैसा लागत नाही. रात्री, म्हणजे सोलर पूर्ण बंद असताना, एकदा तरी चार्ज करून बघाच. रात्रीही तसंच तुटत असेल तर सोलरचा काही संबंध नाही, आणि पॅनलवाल्याला बोलावून उपयोग नाही. रात्री नीट चालतं आणि दुपारीच तुटतं, तर प्रश्न व्होल्टेजचा, सोलर मोडचा किंवा दुपारच्या उष्णतेचा.

याच वेळी गाडीच्या स्क्रीनवर आणि ॲपमध्ये दोन गोष्टी बघून घ्या. चार्जिंगची ठरावीक वेळ लावलेली आहे का, आणि ८० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे का. घरातल्या दुसऱ्या कुणी ते सेट केलेलं असतं आणि आपण दोष शोधत बसतो.

हिशेब

केंद्राच्या सूर्यघर योजनेत अनुदानाची कमाल रक्कम, ७८,००० रुपये, ३ किलोवॅटला गाठली जाते, त्यामुळे बरीच घरं ३ किलोवॅटच बसवतात. ही सिस्टीम स्वच्छ उन्हात भर दुपारी २.२ ते २.५ किलोवॅट देते. गाडीसोबत मिळणारा १५ अँपिअरच्या प्लगचा पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटपर्यंत ओढतो. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स तर ३२ अँपिअर ओढतो. म्हणजे गाडी लागली की उरलेली वीज ग्रिडमधून येणारच. हा दोष नाही, साधी वजाबाकी आहे.

दिवसाचं म्हणाल तर कोरड्या महिन्यांत १ किलोवॅटला ४ युनिटच्या आसपास धरा, म्हणजे ३ किलोवॅटला १२. शहरात चालणारी छोटी-मध्यम कार एका युनिटला ६-७ किलोमीटर जाते आणि चार्जिंगमध्येच १०-१५ टक्के वाया जातात, हे लक्षात घेऊन अपेक्षा ठेवा. जुलैतल्या दाट ढगाच्या दिवशी हेच १२ युनिट ३-४ वर येऊ शकतात. उत्पादन अचानक घसरलं असेल तर गच्चीवर जाऊन कबुतरांची विष्ठा, शेजारच्या रिडेव्हलपमेंटची सिमेंटची धूळ आणि नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरची सावली बघा. पॅनल सकाळी लवकर, थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

अँपिअर कमी करून बघा

ही तपासणी सगळ्यांत जास्त सांगून जाते आणि हिलाही खर्च नाही. गाडीच्या मेनूत किंवा चार्जरच्या बटणावर करंट कमी करायची सोय असेल तर १५ वरून १० अँपिअरवर आणा. सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १० अँपिअरवर ती निम्म्याहूनही कमी होते. १० वर चार्जिंग न तुटता पूर्ण झालं, तर तापणारा सांधा, बारीक वायर किंवा थकलेला एमसीबी, यांपैकी काहीतरी आहे हे जवळपास नक्की. शिवाय १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट, ३ किलोवॅटच्या सोलरला दुपारी जेमतेम जुळणारा आकडा. ज्यांची गाडी दिवसभर घरीच उभी असते त्यांनी कायमच १० वर ठेवायला हरकत नाही.

सॉकेट आणि प्लग

दोष इथेच सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. घरातला १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट गिझरसाठी चालतो, कारण गिझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी तोच करंट सात-आठ तास ओढते. स्वस्त सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या हळूहळू सैल होतात, सैल झाल्या की तापतात, तापल्या की आणखी सैल होतात.

अर्धा तास चार्जिंग झाल्यावर चार्जर बंद करा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि लगेच त्याच्या पिना आणि सॉकेटचा चेहरा बघा. पिना कोमट असतील तर चालेल. बोट टेकवत नाही इतक्या गरम असतील तर नाही. फेजच्या पिनेभोवती, म्हणजे समोरून बघताना उजवीकडच्या भोकाभोवती, पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं असेल, पिनेवर काळी पुटं असतील, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर तो सॉकेट त्याच क्षणी बाद. प्लग सैलसर आत जातो आणि हलवला तर डुलतो, हीसुद्धा तीच खूण.

बदलताना आयएसआय खुणेचा, जड पितळी कॉन्टॅक्टचा सॉकेट घ्या. मेटलक्लॅडचा, म्हणजे धातूच्या खोक्याचा, औद्योगिक सॉकेट आणखी चांगला, पण मग चार्जरचा प्लग त्याच्या जोडीचा आहे का ते आधी बघा. आणि सॉकेट बदलला तरी त्यात जाणारी वायर जळकी, कडक झालेली असेल तर तेवढा तुकडा कापून नव्या तांब्यावर जोडायला सांगा. नाहीतर नवा सॉकेट दोन महिन्यांत जुन्यासारखा होतो.

एक्स्टेंशन बोर्ड, गुंडाळलेली ड्रम वायर, तीन पिनेचा ॲडॉप्टर: यांपैकी काहीही चार्जिंगच्या वाटेत नको. पार्किंग लांब आहे म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली वायर सोडणं हे आगीला दिलेलं आमंत्रण आहे.

एमसीबी

चार्जिंग तुटतं तेव्हा एमसीबी खाली पडलेला असतो का? एमसीबी ३० अंशांवर प्रमाणित केलेला असतो. पत्र्याच्या बंद डब्यात, पश्चिमेच्या उन्हात, ऑक्टोबरमध्ये आतलं तापमान सहज ५० च्या आसपास जातं आणि १६ अँपिअरचा एमसीबी त्यापेक्षा कमी करंटवरच पडतो. सलग चालणाऱ्या १५ अँपिअरच्या चार्जरसाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर आणि २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी ही योग्य जोडी. ३२ अँपिअरच्या वॉलबॉक्सला अंतरानुसार ६ किंवा १० चौरस मिलिमीटर आणि ४० अँपिअरचा. वायर तीच बारीक ठेवून नुसता मोठा एमसीबी लावून देणारा वायरमन भेटला तर त्याला थांबवा. एमसीबी वायरला वाचवतो. तो मोठा केला की वायर भिंतीतच तापत राहते आणि कळतही नाही.

व्होल्टेजचे चार आकडे

सॉकेटमध्ये लावायचा साधा डिजिटल व्होल्टमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो चार्जरच्याच लाईनवर, पण चार्जरच्या सॉकेटजवळच्या दुसऱ्या पॉइंटवर लावा आणि चार वेळा बघा: सकाळी सगळं बंद असताना; दुपारी सोलर चालू, गाडीचं चार्जिंग बंद; दुपारी सोलर चालू, चार्जिंगही चालू; रात्री चार्जिंग चालू. दुपारी इन्व्हर्टरच्या पडद्यावरचं एसी व्होल्टेजही सोबत लिहा.

आता अर्थ लावू. नियमानुसार आपल्याकडचे इन्व्हर्टर २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या पुढे, ग्रिडपासून तुटतात आणि ग्रिड किमान ६० सेकंद ठीक दिसल्याशिवाय परत येत नाहीत. सोलर वीज बाहेर ढकलतं तेव्हा इन्व्हर्टरकडचं व्होल्टेज मीटरपेक्षा थोडं वर असावंच लागतं. किती वर, ते वायरवर ठरतं. ५ किलोवॅट म्हणजे साधारण २२ अँपिअर. इन्व्हर्टर गच्चीवर, मीटर तळमजल्यावर, मध्ये ३० मीटर ४ चौरस मिलिमीटरची वायर, तर जाऊन-येऊन ६० मीटरला जवळपास ६ व्होल्टचा फरक. मीटरवर २४८ असेल तर इन्व्हर्टरला २५४ दिसतं आणि तो पडतो. मीटरपाशी मोजलं तर सगळं ठीक, म्हणून वितरण कंपनीचा माणूस हात हलवत परत जातो. इन्व्हर्टर आणि मीटर यांत हिशेबापेक्षा जास्त फरक दिसला तर एसीडीबीतला (इन्व्हर्टरनंतरच्या एसी जोडण्यांच्या डब्यातला) एखादा सांधा सैल आहे. खाऱ्या हवेत, वर्सोवा-गोराईच्या पट्ट्यात, साध्या तांब्याच्या लगवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) हिरवट थर चढतो आणि स्क्रू आवळलेला दिसला तरी आत संपर्क उरत नाही. तिथे कथील चढवलेल्या लग वापरायला सांगा.

गाडी चार्ज होत असताना इन्व्हर्टर पडत नाही आणि गाडी भरल्यावर पडायला लागतो, हे याच दोषाचं दुसरं रूप. गाडी ती वीज घरातच खाते म्हणून व्होल्टेज उतरतं. दुपारीच चार्ज केल्याने हा त्रास कमी होतो, पण मूळ कारण तसंच राहतं.

उलट बाजूला, गाडी चालू केल्यावर सॉकेटवरचं व्होल्टेज ८-१० व्होल्टपेक्षा जास्त घसरत असेल तर वायर बारीक किंवा अंतर फार. मीटर रूमपासून ८० मीटरवरच्या पार्किंगपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर १४ अँपिअरला १६ व्होल्टच्या वर पडतात. उपाय एकच: जाड वायर.

सकाळी, सगळं बंद असतानाही मीटरवर २४५-२५० दिसत असेल, तर आकडे, तारीख आणि वेळ लिहून वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करा. आणि एक गोष्ट नक्की करू नका: इन्व्हर्टरमध्ये दुसऱ्या देशाचा ग्रिड कोड निवडून मर्यादा वाढवून घेऊ नका. काही जण हे पाच मिनिटांत करून देतात. मग चढलेलं व्होल्टेज फ्रिज आणि टीव्ही सोसतात, आणि तो नियमभंगही आहे.

अर्थ आणि न्यूट्रल

गाडीचा चार्जर सुरू होण्याआधी अर्थ आहे की नाही हे स्वतः तपासतो. मिक्सर-गिझर तपासत नाहीत. म्हणून 'घरातलं सगळं चालतं, गाडीच का नाही' हा प्रश्न येतो. याचं उत्तर असं की अर्थ आधीपासूनच नव्हता, गाडीने ते फक्त दाखवून दिलं.

मल्टीमीटर हाताळता येत असेल तर सॉकेटवर तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखी यायला हवीत. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट असावं, लोडवर तीन-चारपर्यंत चालतं. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-वीस-पन्नास व्होल्ट दिसले तर अर्थ तुटलेला किंवा न्यूट्रल सैल. पण आकडे बरोबर आले म्हणून अर्थिंग चांगलं असं समजू नका. मल्टीमीटर नगण्य करंट घेतो, त्याला गंजलेली पट्टीही पुरते. खरी परीक्षा अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टरनेच होते.

गाडी चालू, तरी न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य? मग सॉकेट उघडून घ्या, विजेचं काम करणाऱ्याकडूनच. चार्जरचा लाल दिवा घालवायला आतल्या आत न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून दिलेली असू शकते. ही जीवघेणी गोष्ट आहे. मागे कुठे न्यूट्रल सुटला तर गाडीची सगळी बॉडी फेजवर येते, आणि ओल्या पार्किंगमध्ये दाराला हात लावणारा मूल असो की वॉचमन, सुटणार नाही. असं जोडलेलं आढळलं तर गाडी लावणं त्या क्षणी बंद करा.

हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ग्रिड असताना गाडी चार्ज होते, लाईट गेल्यावर बॅकअपवर मात्र अर्थ फॉल्ट. वसई-विरारकडे हे वारंवार दिसतं. ग्रिडचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरजवळ जमिनीला जोडलेला असतो. बॅकअपवर काही इन्व्हर्टर तो सोडून देतात, न्यूट्रल तरंगता राहतो, आणि चार्जर त्याला अर्थ नाही असं समजतो. यावर इन्व्हर्टरमध्येच बॅकअपच्या वेळी न्यूट्रल अर्थला जोडणारा रिले किंवा सेटिंग असतं. ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. हाताने कायमची तार जोडली तर ग्रिड आल्यावर आरसीसीबी पडत राहील. आणि खरं सांगायचं तर ५ युनिटच्या घरच्या बॅटरीतून गाडी भरण्यात फायदा नाही. दीड-दोन तासांत घराचा बॅकअपच संपतो.

आरसीसीबी पडत असेल तर

३० मिलिअँपिअरच्या एकाच आरसीसीबीमागे सोलर इन्व्हर्टर आणि गाडीचा चार्जर दोन्ही असतील तर आधी ते वेगळे करून घ्या. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरची थोडी गळती नेहमीच असते, ओल्या पॅनलमुळे ती वाढते, वर गाडीची मिळाली की ३० ची मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. चार्जरच्या लाईनला ए-टाइप आरसीसीबी हवा. स्वस्तातला एसी-टाइप डीसी गळतीने आंधळा होऊ शकतो, म्हणजे खऱ्या धोक्याच्या वेळी पडणारच नाही.

सकाळी किंवा पाऊस पडून गेल्यावर पडतो आणि दुपारी ठीक, तर ओल आहे. गच्चीवर साचलेल्या पाण्यात लोळणारे एमसीफोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे), वरच्या बाजूने वायर घेतलेला डबा, तुटलेला ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं घट्ट बूच). वायर डब्यात नेहमी खालून यायला हवी. कनेक्टर नुसते बघा, हात लावू नका.

सोलर मोडची चालू-बंद

फक्त शिल्लक सोलरवर चालणाऱ्या चार्जरला किमान ६ अँपिअर, म्हणजे जवळपास १.४ किलोवॅट शिल्लक लागते. त्याखाली चार्जिंग प्रमाणित पद्धतीने होतच नाही. ढग आला, एसी लागला, शिल्लक १.४ खाली गेली की चार्जर थांबतो. थांबण्याआधीचा विलंब दहा-पंधरा मिनिटांवर न्या, किंवा किमान करंट ग्रिडमधून घ्यायची परवानगी द्या. चार्जर उलटाच वागत असेल, ऊन असताना बंद आणि रात्री चालू, तर मुख्य वायरवरचा सीटी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा) उलटा बसलाय. रात्री गिझर लावा: ॲपमध्ये वीज बाहेर जाताना दिसली तर नक्की उलटा.

बिल

सोलर फ्लॅटच्या मीटरवर आणि गाडी पार्किंगमधल्या वेगळ्या ईव्ही मीटरवर किंवा सोसायटीच्या कॉमन मीटरवर असेल, तर साध्या नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत) एकाची युनिटं दुसऱ्यात वळती होत नाहीत. दोन्ही बिलांवरचा ग्राहक क्रमांक जुळवून बघा.

इथे थांबा

खालचं काही दिसलं तर मेन स्विच बंद आणि पुढची तपासणी बंद. दिवे कधी भगभगीत, कधी मंद. एका फेजवर २७० आणि दुसऱ्यावर १९०: मुख्य न्यूट्रल सुटतोय, वितरण कंपनीला तातडीने फोन करा, घरातली उपकरणं प्लगमधून काढा. गाडीला किंवा चार्जरला हात लावल्यावर झिणझिणी. जळका वास, डब्यातून तडतड आवाज. मीटरचं सील, आतली वायर: ती फक्त वितरण कंपनीची.

पॅनलकडची डीसी बाजू तुमची नाही, साध्या वायरमनचीही नाही. ५४० वॅटचे सहा पॅनल एका ओळीत म्हणजे उन्हात जवळपास ३०० व्होल्ट डीसी. एसीचा मेन बंद केला तरी ते तसेच उभे असतात, आणि चालू करंटवर कनेक्टर ओढला तर निघणारी ठिणगी विझत नाही. तिथे सोलर बसवणाऱ्यालाच बोलवा. डीबी (एमसीबींचा डबा), वायर आणि अर्थिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. गाडीतल्या नारिंगी केबलपर्यंत गोष्ट गेली तर फक्त सर्व्हिस सेंटर. दुसऱ्या ठिकाणच्या दोन वेगळ्या चार्जरवरही गाडी तशीच तुटते का हे बघून मगच तिथे जा.

बोलावताना त्यांना वेळांची नोंद, व्होल्टेजचे चार आकडे, १० अँपिअरवर काय झालं ते आणि इन्व्हर्टरच्या कोडचा फोटो आधीच पाठवा. अर्थ टेस्टर आणि क्लॅम्प मीटर सोबत आणायला सांगा, आणि येण्याची वेळ दुपारी १२ ते २ ची मागा. संध्याकाळी आलेल्याला दुपारचा दोष दिसणार नाही.